अंग सोडलं

वडगाव, बेळगाव
१० जानेवारी १९३८

चिरंजीव जोतिरामास,

आक्काचे आशीर्वाद. पंधरा दिवसांत तुझं दुसरं पत्र आलं, म्हणजे निपाणीत सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. ‘दाजी कसे आहेत ते सविस्तर कळव’ असा हुकूम सोडला आहेस, तेव्हा आता सविस्तर ऐक. मध्येच जांभया देऊ नकोस.

तुझ्या दाजींच्या अंगावरून वारं गेलं त्याला परवा दोन महिने झाले. उजवा पाय ओढत का होईना, भिंत धरून न्हाणीपर्यंत जातात. उजवा हात मात्र कोपरात दुमडून छातीशी बसलाय तो बसलाच. मूठ अशी आवळलेली, की कुणी हिसकावून नेईल म्हणून आत काहीतरी धरून ठेवलंय. उघडायला गेलं की आणखी घट्ट होते. नखं तळव्यात रुतायला लागली, म्हणून मी मुठीत जुन्या धोतराची घडी घालून ठेवते. टिळकवाडीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बिघाड डोक्यातल्या शिरेत आहे, ह्याला औषध नाही, येईल तेवढं आपणहून येईल. ज्या हातानं उभा जन्म धोट्याची दोरी ओढली, तो हात आता नुसता जपून ठेवायचा झाला आहे. माग तसाच उभा आहे. हे अंथरुणावरून दिवसभर त्याच्याकडे बघत असतात. हात आला तर हे आहेत, नाही आला तर नुसतं धड राहील, हे मला तुला वेगळं सांगायला नको.

वाचेचं म्हणशील तर एकच शब्द परत आला आहे. ‘व्हय.’ जेवणार का? व्हय. जेवण नको का? व्हय. तुमच्या आईला देवळात सोडून येऊ का? व्हय. पंधरा वर्षांच्या संसारात माझ्या एका शब्दाला व्हय म्हणाले नाहीत, आता सगळ्या जगाला म्हणतात. खरा व्हय कुठला आणि नुसता तोंडाचा कुठला, ते डोळ्यांवरून ओळखायचं. मी हसते आणि मागच्या दारी जाऊन रडून घेते. सासूबाईंना दिसत नाही, त्यामुळे ते एक बरं आहे.

आता नवीन गोष्ट. शेजारच्या बाळंतिणीला तेल लावायला खासबागेतून एक बाई येते, नागुबाई. मूळची गुंजीची, सुईण. लेकीकडे राहायला आली आहे. तिनं दारातून ह्यांना पाहिलं आणि न बोलावता आत येऊन बसली. ती दाबत नाही, रगडत नाही, तेलसुद्धा नावापुरतं लावते. एक तळवा ह्यांच्या कोपराखाली, एक मनगटाखाली. हाताचं सगळं ओझं आपल्याकडे घेते आणि हळूच हेलावते. इतकं लहान, की लांबून बघणाऱ्याला वाटावं बाई नुसती बसली आहे. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘आवो, ह्यानं काय व्हनार?’

तर म्हणाली, ‘हात भ्यालाय बाई. भ्यालेल्याला कोन वडतंय व्हय? हालल्यावर दुखत न्हाय, येवढं त्येला दाखवायचं. त्येला पटलं की त्यो आपनच येतोय भाईर.’

बघू. डॉक्टर झाले, देव झाले, आता ही गुंजीची बाई. सासूबाई म्हणतात, पाळण्यातल्या पोराचे लाड चाललेत. तुझी तब्येत सांभाळ, आणि तालमीत जाऊन उगीच कुणाचं तंगडं मोडू नकोस.

तुझी,
आक्का

निपाणी
१६ जानेवारी १९३८

तीर्थरूप आक्काच्या चरणी,

जोतिरामचा दंडवत. पत्र वाचलं. रात्रभर ती मूठ डोळ्यांसमोरून हलेना.

आक्का, राग मानू नकोस, पण हेलावून आखडलेला हात सुटत असता तर जगात कुणाचं काही आखडलंच नसतं. मी रोज तालमीत बघतो. खांदा निखळतो, गुडघा धरतो, कंबर आडवी जाते. आमचे भावकू वस्ताद तेल चोळून, पाय रोवून असा एक हिसका देतात, की माणूस ओरडतो आणि उठून चालायला लागतो. वखारीतले आमचे दिवाणजी रवळूअण्णा वर्षभर कण्हत होते, त्यांची कंबर वस्तादांनी दोन दिवसांत मोकळी केली. जोर लागतो आक्का. गंजलेलं कुलूप फुंकर मारून उघडत नाही. वस्तादांना मी दाजींचं सांगितलं. ते म्हणाले, ‘जेवढा येळ जाईल तेवढं आवघड. एकदा शिरा झोपल्या की मग देवाचा बाप आला तरी उठायच्या न्हाईत.’ तू नुसतं हो म्हण, मी त्यांना मोटारीत बसवून देतो.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तू मला पदराला धरून सासरी आणलंस. दाजींनी मला कांड्या भरायला बसवलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तूसुद्धा म्हणाली होतीस, पोरगं घरकामाला होईल. त्यांनी माझ्या हातात पाटी दिली आणि मागावरून उठून मला शाळेच्या दारापर्यंत पोचवलं. आज मी वखारीत खुर्चीवर बसून लिहितो ते त्या हातामुळे. त्या हातासाठी मी काही केलं नाही, तर माझ्या ह्या लिहिण्याला काय अर्थ आहे?

दाजींना माझा नमस्कार सांग. ते व्हय म्हणतील, पण मला तो खरा धरायचा आहे.

तुझा,
जोतिराम

वडगाव
५ फेब्रुवारी १९३८

चि. जोतिरामास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण माझे हात रिकामे नव्हते, आणि ही तक्रार नाही, बढाई आहे. नागुबाई आता मलाही शिकवते.

आधी गुण सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ह्यांना जांभई आली. हसू नकोस. वारं गेल्यापासून त्या माणसाला जांभई आली नव्हती, सगळं अंग सदा पहाऱ्यावर असल्यासारखं ताठ असायचं. जांभई आली, मान उशीवर कलली आणि हे चक्क घोरायला लागले. दोन महिन्यांनी घरात घोरणं ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, ‘यल्लाप्पा आला गं माझा.’ त्यानंतर हात छातीवरून हळूहळू मांडीवर उतरला. कुणी ओढला नाही, आपण उतरला. परवा झोपेत मुठीतली धोतराची घडी खाली पडलेली सापडली. मी ती उचलून पुन्हा घालायला गेले, तर नागुबाईनं माझ्या हातावर चापट मारली.

आता ती ह्यांना मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसवते. पाय खड्ड्यात सोडायचे, पण विणताना पायानं दाबतात त्या पावडीला लावायचे नाहीत. नुसते लोंबते ठेवायचे. ती गुडघ्याखाली बोट लावते आणि पाय म्हशीच्या शेपटीसारखा हलतो. असं मी म्हटलं तर हे हसले, जोती! तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. मग खांदा. खांद्याला म्हणते, ‘ह्याहून हलकं कसं व्हईल, बघ बरं?’ आणि गप्प बसते, जसं काही खांदा विचार करून उत्तर देणार आहे. आणि देतो. मी तळवा खाली धरून पाहिलं आहे म्हणून सांगते. मला ती म्हणते, ‘बाई, तुमचं हात लई घाई करत्यात. रोग्याला तुमची घाईच पैली कळती.’ माहेरी-सासरी मिळून बावीस वर्षं चुलीपुढे घाई केली, आता कुणी घाई करू नकोस म्हणून रागावतंय, ह्याचंही बरं वाटतं.

तिला मी स्पष्ट विचारलं, धोट्याची दोरी परत ओढतील का? ती खोटं बोलत नाही. म्हणाली, ‘ठाव न्हाय. पर हात मांडीवर आलाय. मांडीवरनं दोरी लई लांब न्हाय.’ एवढ्यावर मी सध्या जगते आहे.

तेव्हा तुझ्या वस्तादांना तिथंच राहू दे. मोठा माणूस, त्यांचा मान मोठा, पण सध्या इथं जोराचं काम नाही. एवढं माझं ऐक.

आक्का

(कार्ड)

वडगाव, २१ फेब्रुवारी

चि. जोती, पोस्टमन दारात थांबला आहे म्हणून घाईनं दोन ओळी. आज दुपारी ह्यांनी अंग सोडलं. पार सैल पडले. मी उशाशीच होते. नागुबाई म्हणाली, आता काही करायचं नाही, जे व्हायचं ते आपसूक होईल. मला रडू आवरलं नाही, सासूबाईही रडल्या. सवडीनं सगळं लिहिते. आक्का.

निपाणी
२३ फेब्रुवारी १९३८
(भावकू वस्तादांच्या हाती)

आक्का,

कार्ड आत्ता मिळालं. वाचून तसाच वस्तादांकडे धावलो. दाजींनी अंग सोडलं आणि ती बाई म्हणते आता काही करायचं नाही? ज्यानं आयुष्यात कधी हातपाय गाळले नाहीत, त्याला ह्या बाईनं दीड महिना थोपटून थोपटून निजवला. तू तिथं एकटी. सासूबाई आंधळ्या.

मी आत्ताच निघालो असतो. तंबाखूचा माल भरतीला लागला आहे, मालक म्हणाले, जायचं तर परत यायचं नाही. तरी शनिवारी येतोच. पण वस्ताद म्हणाले, शनिवारपर्यंत थांबू नका, ‘अंग सैल पडलं म्हंजी रग गेली. रग गेली की दोन दिसाचं काम असतंय. ताबडतोब वडून शिरा जाग्या केल्या तर केल्या.’ त्यांच्या पाया पडलो. म्हातारा माणूस, स्वतःचं तेल घेऊन, माझ्या एका शब्दावर उद्या सकाळच्या मोटारीनं निघतो आहे. त्यांना काही कमी पडू देऊ नकोस.

एक घाईत त्यांना सांगायचं राहिलं. दाजी कशालाही व्हय म्हणतात. तेवढं तू त्यांना सांग.

दाजींना म्हणावं, जोती येतोय, धीर सोडू नका.

जोतिराम

वडगाव
२८ फेब्रुवारी १९३८

चि. जोतिरामास आशीर्वाद.

वस्ताद गुरुवारी आले, जेवून संध्याकाळच्या मोटारीनं गेले. ह्यांचा जीव धोक्यात नाही, तेव्हा नोकरी टाकून येऊ नकोस असं मीच त्यांच्याबरोबर सांगून पाठवलं होतं. तू आला नाहीस ते बरं केलंस. हात सरळ झाला आहे. काळजी नसावी. सासूबाईंना थोडा ताप आहे. इकडे उन्हाळा लवकर लागला. बाकी सर्व ठीक.

आक्का

निपाणी
६ मार्च १९३८

तीर्थरूप आक्कास,

कोपरापासून दंडवत! वस्ताद आले आणि तालमीच्या दारातूनच ओरडले, ‘जोत्या, तुज्या दाजीचा हात सरळ करून आलतो!’ मी त्यांना खांद्यावर घेऊन नाचायचा राहिलो. तुझ्या पत्रातही तेच. पण तुझं पत्र एवढंसं का गं? आनंदानं शब्द सुचले नाहीत काय? एरवी तू भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोन पानं लिहितेस.

वस्तादांनी सगळं सांगितलं. हात छातीशी नाही, मांडीवर होता, पण खांद्यात गाठ धरलेली. तेल लावून, पाय रोवून ओढला, तर काडकन आवाज आला आणि गाठ मोडली. म्हणाले, ‘दाजी तुजा लई धीराचा गडी. वडू का म्हनलं तर व्हय. आजून वडू का, तर व्हय. डोळ्यांत पानी, पर व्हय सोडला न्हाय.’ आक्का, हेच माझे दाजी. त्यांनी अंग सोडलं असं तू लिहिलंस, पण धीर सोडला नव्हता.

आता हातात कधी दोरी धरतात ते कळव. आणि ऐक, आमच्या रवळूअण्णांचा उजवा खांदा दिवाळीपासून धरला आहे, हात डोक्याला पोचत नाही. ते भित्रे, कुणाला हात लावू देत नव्हते. मी त्यांना दाजींची हकिकत सांगून तयार केलं आहे. येत्या रविवारी वस्ताद त्यांचा खांदा मोकळा करणार. तुझ्या घरच्या गुणाचा असा पुढे उपयोग होतो आहे, हे दाजींना वाचून दाखव.

तुझा लाडका,
जोतिराम

वडगाव
९ मार्च १९३८

जोतिराम,

हे पत्र हातात पडताच आधी उठ आणि रवळूअण्णांच्या घरी जा. त्यांच्या खांद्याला वस्तादांचा हात लागू देऊ नकोस. जाऊन ये, मग पुढचं वाच.

मी तुझ्यापासून लपवलं. रवळूअण्णांचं लिहिलं नसतंस तर कदाचित जन्मभर लपवलं असतं. तुला लहानपणी काही लागलं तर मी फुंकर घालून ‘काही नाही, काही नाही’ म्हणायचे, तसंच हे केलं. पण माझ्या फुंकरीनं दुसऱ्याचं हाड मोडायची वेळ आली, तेव्हा गप्प बसता येत नाही.

ह्यांचं दंडाचं हाड मोडलं आहे, खांद्याच्या खाली. वस्तादांनी ऐकला तो त्याचा आवाज. हात सरळ झाला असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. फळीला बांधलेला हात सरळच असतो.

त्या गुरुवारी मी नागुबाईला आणायला खासबागेत गेले होते. ती एका बाळंतिणीपाशी अडकली होती, मी थांबले. घरात ह्यांच्याजवळ सासूबाई होत्या. वस्ताद ‘जोतिरामानं धाडलंय’ म्हणत आत आले. सासूबाईंना तुझं नाव ऐकून कोण आनंद! त्यांनी तुझं पत्र घेतलं आणि न उघडता कोनाड्यात ठेवलं, वाचणार कोण? तुझं ते ‘दाजी कशालाही व्हय म्हणतात’ त्या कोनाड्यात घडी घालून पडलं होतं आणि इकडे म्हातारा विचारत होता, वडू का? आणि हे म्हणत होते, व्हय. सासूबाई सांगतात, दहा वेळा म्हणाले. मला माहीत आहे, त्यातला एकही व्हय नव्हता. पण ते डोळ्यांवरून ओळखावं लागतं, आणि वस्ताद पाठीशी बसले होते.

मी आले तर वस्ताद घाम पुसत होते. आनंदानं म्हणाले, ‘वैनी, गाठ मोडली बघा.’ ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मी त्या म्हाताऱ्याला भाकरी वाढली, वर गूळ वाढला. तुझ्यासाठी एवढ्या लांबून आलेला माणूस. ते गेल्यावर पाहिलं, तर दंड काळानिळा होऊन फुगला होता. मग डॉक्टर, फळ्या, सगळं.

वस्तादांचा दोष नाही. पहिलवानाचा निखळलेला खांदा त्यांना ठाऊक, हा हात त्यांना ठाऊक नव्हता. आणि खरं सांगू, निम्मी चूक त्या कार्डाची आहे. ‘अंग सोडणं’ हा नागुबाईचा शब्द. ती सारखी म्हणायची, ‘आजून हाताचं वजन सोताच धरून ठेवलंय ह्येंनी, माज्यावर सोडत न्हाईत. ज्या दिशी अंग सोडतील त्या दिशी निम्मं काम झालं.’ महिनाभर घरात आम्ही तोच शब्द बोलत होतो. सोडलं का, आज किती सोडलं. त्या सोमवारी दुपारी तिच्या तळव्यांत ह्यांचा हात एकदम जड झाला, खांदा खाली आला, मूठ आपण होऊन पाकळीपाकळीनं उघडली, आणि पाची बोटं हलली. ह्यांनी स्वतः हलवली, जोती. मी पाहिलं. आम्ही तिघी रडलो ते त्यासाठी. आणि मी वेडी, पोस्टमन थांबलाय म्हणून तो शब्द तसाच कार्डावर टाकला. तुला तो मी कधी सांगितलाच नव्हता हे मनातसुद्धा आलं नाही. घरात रोज बोललेला शब्द जगाला ठाऊक असतो असंच वाटतं माणसाला.

ती पाच बोटं मी एकदाच हललेली पाहिली.

आक्का

निपाणी
१३ मार्च १९३८

आक्का,

रवळूअण्णांकडे वेळेवर पोचलो. खांदा वाचला.

वस्तादांना सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली तालमीच्या उंबऱ्यावर ओतली आणि घरी गेले. तेव्हापासून बाहेर आलेले नाहीत.

माझ्याबद्दल काय लिहू? मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचतो. आता त्यात तू म्हणतेस तोच अर्थ दिसतो, दुसरा दिसतच नाही. त्या दिवशी मला तो का दिसला नाही? मी शिकलेला. दाजींनी शिकवलेला.

जोतिराम

निपाणी
१२ ऑगस्ट १९३८

तीर्थरूप आक्कास दंडवत.

मधल्या माझ्या चार पत्रांना तुझं उत्तर नाही. रागात असशील तर शिव्या लिही, पण लिही.

मी ठरवलं आहे. गौरी-गणपतीला येतो आणि रजा घेऊन महिनाभर राहतो. नागुबाईंच्या पायाशी बसून ते हेलावणं शिकतो. माझ्या हातांत जोर आहे, त्यातला जोर काढून टाकायला शिकतो. दाजींचा हात माझ्यामुळे गेला, तो माझ्याच हातांनी परत आणायचा. वर्ष लागो, दोन लागोत. तू नाही म्हणू नकोस. रजा मिळाली की पहिल्या मोटारीनं निघतो.

दाजी माझं नाव काढतात का गं? म्हणजे, कुणी काढलं तर ऐकतात का?

जोतिराम

वडगाव
१८ ऑगस्ट १९३८

चिरंजीव जोतिरामास,

आशीर्वाद. तू निघायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून आज स्वतः पोस्टात नेऊन टाकते.

हाड वैशाखात सांधलं. वाकडं सांधलं, पण सांधलं. फळ्या काढल्या त्याच दिवशी हात पुन्हा छातीशी गेला, पहिल्यापेक्षा घट्ट. मूठ आता झोपेतसुद्धा उघडत नाही. पायही ताठला आहे, भिंत धरून चालणं संपलं. नागुबाईनं पुन्हा सुरुवात करून पाहिली. तिचा तळवा कोपराजवळ येताना दिसला, की हे श्वास धरायचे आणि सगळं अंग लाकूड व्हायचं. जिच्या हातात ह्यांनी अंग सोडलं होतं तिचाही हात आता नको झाला. पंधरा दिवस ती नुसती शेजारी बसून गेली. शेवटी म्हणाली, ‘बाई, आता त्येंच्याकडं हात मागायचा न्हाय. हात गेला. आता मानूस भिऊ ने, येवढंच बघायचं.’

म्हणून ती आता फक्त डावा पाय घेते, चांगला आहे तो. टाच तळव्यावर ठेवते आणि हलवते. तेवढं ह्यांना चालतं. थोड्या वेळानं डोळे मिटतात, घटकाभर झोप लागते, तोंडावरची ओढ कमी होते. मीही करते, माझे हात आता घाई करत नाहीत. ह्या विद्येचा गुण मला कुणी विचारला तर मी एवढाच सांगेन, की दिवसात एक घटका त्या माणसाला भीती वाटत नाही. थोडा नाही तो. पण त्या घटकेत माग बसत नाही.

माग आषाढात काढला. शहापूरच्या एका घरानं नेला. खड्डा बुजवून वर सारवलं, जागा गार राहते म्हणून ह्यांचं अंथरूण आता तिथंच आहे.

तू येतो म्हणतोस. तुझं पत्र वाचून मी नागुबाईला विचारलं, माझा भाऊ शिकेल का? म्हणाली, ‘शिकंल की. हात मायेचं असले की शिकत्यात.’ मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग तिनं विचारलं, ‘पर त्येंनी येऊ देतील का त्येला जवळ?’

जोती, तू येऊ नकोस.

वस्ताद त्या दिवशी घरात आले ते तुझं नाव घेत आले. त्यानंतर घरात कुणी तुझं नाव काढलं, की हे डाव्या हातानं उजवा दंड धरतात आणि भिंतीकडे सरकतात. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग असेल. मग मी तीनदा मुद्दाम बोलून पाहिलं, देव मला क्षमा करो. तिन्ही वेळा तेच झालं. तुझ्यावर ह्यांचा राग नाही. रागवायला जे लागतं तेसुद्धा ह्यांच्यात उरलेलं नाही. तुला समोर पाहिल्यावर ओळखतील, कदाचित रडतीलही. पण तुझी ती तालमीची चाल, टाचा आपटत येणारी. ओळख पटायच्या आधी जी चार पावलं अंगणात वाजतील, त्यांत हे पुन्हा कुठं जाऊन पडतील, ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात नवा पोस्टमन करकरत्या वहाणांनी ओसरीवर चढला, तर ह्यांनी अंथरूण ओलं केलं आणि बारा दिवस नागुबाईला पायाला हात लावू दिला नाही. त्या बारा दिवसांत हे झोपले नाहीत. ती एक घटका सोडून माझ्याकडे ह्यांचं काही उरलेलं नाही. तीही तुला देता येत नाही.

मला तुझा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला, चार पत्रांची उत्तरं दिली नाहीत एवढा आला. आणि तुझ्यावाचून मला माहेर नाही, हेही तितकंच खरं. मी निपाणीला येऊ शकत नाही, ह्यांना सोडून अर्धा दिवससुद्धा नाही. तेव्हा आपली भेट कधी, ते मला सांगता येत नाही.

लग्नाचं बघ. तब्येत सांभाळ. पत्रं मात्र पाठवत जा, बंद करू नकोस. पूर्वी तुझं पत्र आलं की मी ह्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचायचे, सहीसकट. आता ते पदराखाली घेऊन मागच्या दारी जाते आणि मनातल्या मनात वाचते.

तुझी,
आक्का